दोन खुणांचा पट्टा

मी एक पट्टा. मोटारीच्या इंजिनावरचा. लोक मला फॅनबेल्ट म्हणतात, पण पंखा मी जन्मात कधी फिरवला नाही. आमच्या गाडीत त्याला वेगळी मोटर होती. नाव पडलं ते पडलं, आता कुणाकुणाशी भांडत बसायचं? पोटाकडून उभ्या खाचा, पाठीकडून गुळगुळीत, रंगानं काळा आणि स्वभावानं चिवट. सध्या एका रिकाम्या गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला लोंबकळतोय, तोही तुटलेला. तुटक्या पट्ट्याचा कुणाला काही उपयोग नसतो. तरी मला कुणी फेकलेलं नाही. का फेकलं नाही, तेवढंच सांगायचंय.

जन्माची गोष्ट फार लांबवत नाही. गरम साच्यातून आम्ही भावंडं एकामागून एक निघालो, सगळी एका मापाची आणि एका चेहऱ्याची. आईनं नाव विचारलं असतं तर तिलाच घोटाळा झाला असता. मग पुठ्ठ्याच्या वेष्टनात घालून आम्हाला दुकानात धाडलं.

ते दुकान शेठचं. सुटे भाग विकणारं, अरुंद, छतापर्यंत खोक्यांनी भरलेलं. शेठ स्वतः ढेरपोट्या, आवाजाचा मोठा, एक नंबरचा भांडकुदळ. गिऱ्हाईक म्हणालं, ‘माल चांगला आहे ना?’ की हा म्हणायचा, ‘नाही, वाईट आहे, म्हणून तर इतकी वर्षं दुकान टिकलंय.’ मालाला नाव ठेवलेलं त्याला मुळीच खपायचं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला घ्यायला आले ते मास्तर. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, अंगानं सडपातळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यांनी मला वेष्टनातून काढलं, खाचांवरून अंगठा फिरवला, नाकाशी नेऊन वास घेतला.

‘मास्तर, पट्टा आहे तो, आंबा नाही,’ शेठ म्हणाला.

‘तुझ्या दुकानात वास घेऊनच घ्यावं लागतं, शेठ.’

दोघं हसले. त्यांचं हे असं चाळीसएक वर्षं चाललं होतं म्हणे.

गाडीचं काम दुसऱ्याकडून करून घेणं म्हणजे मास्तरांच्या मते दुसऱ्याकडून दात घासून घेणं. सगळं घरीच. घराला लागून गॅरेज, एका भिंतीशी लाकडी ओटा, त्यावर पाने मांडलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. आणि टॉर्च धरायला त्यांची बायको. मी तिला बाई म्हणतो. मास्तर मात्र तिला ‘सरकार’ म्हणायचे, कधी लाडानं, कधी कुरकुरत.

पट्टा बसवायचा म्हणजे सहा चाकांवरून तो बरोबर वाटेनं न्यायचा असतो. एक चाक चुकलं की सगळं मुसळ केरात. मास्तरांनी ती वाट नात्यागोत्यात बसवली होती. टॉर्च हलू नये म्हणून ते बाईला बोलण्यात गुंतवायचे.

‘हे खालचं मोठं चाक कोण?’

‘आजोबा.’

‘का?’

‘ते फिरले की घर फिरतं.’

‘शाबास. मग एसी. तो कोण?’

‘जावईबापू. उन्हाळ्यात येतात आणि सगळ्यांना कामाला लावतात.’

‘मग ही आत्या, म्हणजे वीज तयार करणारा अल्टरनेटर. हिच्यामुळे घरात उजेड. मग मामा, म्हणजे पॉवर स्टिअरिंग, तो सोबत असला की जड वळण हलकं होतं. मग पाण्याचा पंप, म्हणजे आई. घर तापलं की गार करणारी. आईकडे पट्ट्यानं पाठ टेकवायची, बरं का, पोट नाही. आणि शेवटी?’

‘माहितेय. सरकार.’

शेवटचं चाक म्हणजे टेन्शनर. आतल्या स्प्रिंगच्या जोरावर तो पट्टा ताणून धरतो, कुणाला सैल पडू देत नाही. लांब पाना लावून जोरानं ओढल्याशिवाय तो जागचा हलत नाही.

‘सरकार झुकल्याशिवाय या घरात काही बसत नाही,’ असं म्हणत मास्तरांनी पाना ओढला आणि मला चढवलं. बाईनं टॉर्चनंच त्यांच्या पाठीत हलकेच मारलं. मग त्यांनी प्रत्येक चाकावर बोट फिरवून माझ्या खाचा नीट बसल्यात का ते पाहिलं आणि पांढऱ्या रंगात काडी बुडवून माझ्या पाठीवर बरोबरची खूण केली. वहीत गुरुजी करतात ना, तशीच.

‘खूण केली म्हणजे तपासलं,’ ते म्हणाले. ‘खूण नाही, तर काम झालेलं नाही.’

एका चेहऱ्याच्या शेकडो भावंडांतून आलेल्या मला त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची ओळख मिळाली. फार बरं वाटलं.

पुढची वर्षं कामात गेली. कामात गेलेल्या वर्षांचं सांगण्यासारखं काही नसतं. लेकीला कॉलेजच्या गावी सोडलं. तिचं लग्न झालं, ती चार तासांवरच्या शहरात राहायला गेली. माणसांची एक गंमत आहे. चावी फिरवली की गाडी चालू होते, यात कुणाचं काही काम असतं हे त्यांना आठवतच नाही. मास्तरांना आठवायचं. महिन्यातून एकदा बॉनेट उघडून ते मला बोटानं दाबायचे आणि म्हणायचे, ‘ठीक आहेस ना?’

मग मी म्हातारा झालो. खाचांत बारीक भेगा पडल्या, पाठ चकचकीत झाली, गार सकाळी चालू केलं की माझ्या तोंडून ‘चीं’ निघायला लागली. आणि माझ्याबरोबरच मास्तरांचंही काहीतरी होऊ लागलं. त्यांची चीं मात्र कुणाला ऐकू येत नव्हती.

एका सकाळी ते दूध आणायला निघाले आणि गाडी सरळ शाळेकडे घेतली. फाटकाशी हॉर्न दिला. पहारेकरी नवा होता.

‘कोण पाहिजे, आजोबा?’

‘फाटक उघड. दहावीचा पहिला तास आहे माझा.’

तो नुसता बघत राहिला. मास्तरही फाटकाकडे बघत राहिले. इंजिन चालू होतं, मी फिरत होतो, आणि ते स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे फिरवत होते ते मला मामाच्या चाकातून कळत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी गाडी मागे घेतली. घरी आल्यावर बाईला म्हणाले, ‘रस्त्याचं काम चाललंय. वळसा पडला.’

दूध आणलेलं नव्हतं. बाईनं बिनदुधाचा चहा केला.

तिला सगळं कळत होतं. लेकीकडे जायचं ठरलं तेव्हा मास्तर म्हणाले, ‘आधी पट्टा बदलतो. याच्या भरवशावर लांब जायला नको.’ ते शेठकडून नवा पट्टा घेऊन आले. बॉनेट उघडलं, पाना लावला, मला उतरवलं. मग मला आणि नव्याला ओट्यावर शेजारी शेजारी ठेवून लांबी ताडून बघितली. ही त्यांची पद्धत. जुना थोडा ताणलेला असतो, पण माप एकच आहे ना ते कळतं.

स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजला लागून होती. आत बाई फोनवर बोलत होती.

‘तुझं खरं आहे गं. पण गाडीची चावी कशी काढून घेऊ त्यांच्याकडून? … अगं, शाळा सुटली, मित्र एकेक करून गेले. गॅरेजमध्ये असले की अजून ते, ते असतात. तेवढंच उरलंय. तेही काढून घेतलं तर माझ्यासमोर बसेल कोण? … नाही, मी असते ना शेजारी.’ मग मोठ्यानं, ‘अहो, लेकीचा फोन! बोलता का?’

मास्तर हात पुसत आत गेले. हसले, बोलले, नातवाची चौकशी केली. परत आले तेव्हा ओट्याशी थबकले. समोर दोन काळे पट्टे. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ उतरला, शाळेच्या फाटकाशी झाला तोच.

त्यांनी नव्याला उचललं, ठेवलं. मला उचललं, उलटं केलं. पाठीवर खूण दिसली, पुसट, पण त्यांच्याच हाताची. चेहरा एकदम मोकळा झाला.

‘हा तपासलेला आहे,’ ते स्वतःशीच म्हणाले.

मास्तर, नाही! मी ओरडलो असतो हो. पण पट्ट्याला तोंड नसतं, आणि जी काय चीं असते ती फिरल्याशिवाय निघत नाही. त्यांनी नव्याला खिळ्याला टांगलं. ‘जुना असू दे, वेळेला उपयोगी पडेल,’ म्हणाले आणि मला घेऊन वाकले.

बाई आली, टॉर्च धरला. तिला सगळे पट्टे सारखेच. तिचं लक्ष पट्ट्याकडे नव्हतंच, नवऱ्याच्या हातांकडे होतं. ते हात आत्यापाशी थांबले होते.

‘मग मामा,’ ती हळूच म्हणाली.

‘माहितेय गं मला.’

‘हो, मी आपली उजळणी करते. मामा, मग आई. आईकडे पाठ.’

‘आईकडे पाठ,’ ते म्हणाले.

मी बसलो. त्यांनी काडी बुडवून माझ्या पाठीवर दुसरी खूण केली, पहिलीपासून थोड्या अंतरावर, पांढरीशुभ्र. गाडी चालू केली. होता नव्हता तेवढा जीव काढून मी किंचाळलो.

‘नवा आहे,’ मास्तर म्हणाले. ‘बसायला वेळ लागतो.’

लेकीच्या वाटेवर, निम्म्याहून जास्त अंतर गेल्यावर मी तुटलो. खूप धरलं. आजोबा खेचत होते, जावईबापू जोरात होते, भेगा वाढत होत्या, आणि एका चढावर मी फाटकन सुटलो. मामा गेला, स्टिअरिंग दगडासारखं झालं. आई थांबली, इंजिन तापायला लागलं. गाडी रस्त्याच्या मधोमध सरकली, मागून ट्रक हॉर्न देत आला, आणि बाईनं शेजारून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून मास्तरांच्या जोडीनं ते ओढलं. ट्रक अगदी लागून बाजूनं निघून गेला. गाडी कडेच्या खडीत थांबली.

मग मास्तर उतरले, बॉनेट उघडलं आणि मला बाहेर ओढलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ‘नवाकोरा! काल बसवलेला नवाकोरा पट्टा! शेठनं मला कुजका माल दिला. बायको शेजारी बसलेली असते माझ्या. मेलो असतो आपण!’

बाईनं मला त्यांच्या हातातून घेतलं. दोन्ही खुणा तिला दिसल्या. मला तिनं मुठीत इतकं घट्ट धरलं की तशी पकड मला टेन्शनरचीही आठवत नाही.

गाडी ओढून घरी आणली. दुसऱ्या दिवशी मास्तर मला हातात घेऊन शेठच्या दुकानात शिरले. बाई मागोमाग होतीच. दुकानात गिऱ्हाइकं होती.

‘शेठ! चाळीस वर्षं तुझ्याकडून माल घेतला, त्याचे हे पांग फेडलेस? लाज नाही वाटत? नकली माल विकतोस!’

शेठचे डोळे मोठे झाले. मी म्हटलं, आता काही खरं नाही. मालाला नाव ठेवलं म्हणून यानं सख्ख्या मेव्हण्याला दुकानाबाहेर काढलं होतं. त्यानं मला हिसकावून घेतलं, उलटं केलं. भेगा बघितल्या, घासलेली पाठ बघितली. मग खुणा बघितल्या, एक पुसट, एक ताजी. मास्तरांची खूण तो चांगली ओळखत होता. त्यानं तोंड उघडलं.

मास्तरांच्या मागे बाई उभी होती. तिनं फक्त मान हलवली, नको म्हणून. डोळे भरून आले होते तिचे.

शेठनं मला गल्ल्यावर ठेवलं. आणि इतकी वर्षं ज्याच्या तोंडून कुणी ‘चुकलो’ हा शब्द ऐकला नव्हता, तो माणूस सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, ‘मास्तर, चुकलं माझं. माल खराब निघाला. माफ करा.’

‘माफ कसलं करायचं! जीव गेला असता.’

‘हो ना. खरंय. माझीच चूक.’

त्यानं दुसरा पट्टा काढून दिला. मास्तर तरातरा बाहेर पडले. शेठनं मला बाईच्या हातात दिलं आणि खालच्या आवाजात एवढंच विचारलं, ‘कधीपासून, वहिनी?’

तिनं मला गुंडाळून पिशवीत घातलं. तो खोक्यांकडे तोंड करून उभा राहिला, डोळे गिऱ्हाइकांना दिसू नयेत म्हणून.

घरी खिळ्यावर टांगलेला पहिला नवा पट्टा बाईनं सकाळीच काढून कपाटात रजयांखाली दडवला होता. संध्याकाळी दोघांनी मिळून शेठनं त्या दिवशी दिलेला पट्टा बसवला. ती पुटपुटत होती, मास्तरांचे हात चालत होते. छान जमलं. प्रत्येक चाकावर बोट फिरवून झालं. रंगाची काडी हातात घेऊन मास्तर ओट्याकडे वळले, आणि ओट्यावर मी होतो.

त्यांनी मला उचललं. अंगठा खाचांवरून फिरला, भेगांवर अडला. मग त्यांनी मला उलटं केलं.

एक खूण. दुसरी खूण.

मास्तर काही वेडे नव्हते. इतकी वर्षं त्यांनी मुलांच्या चुका शोधल्या होत्या. ते ओट्याला टेकले. काडीवरचा रंग त्यांच्या पायावर ठिबकला.

‘अगं,’ ते म्हणाले, ‘शेठला मी काय काय बोललो?’

‘काही नाही हो.’

‘लोकांसमोर बोललो.’

‘त्यानं मनावर नाही घेतलं.’

‘तुला मारलं असतं मी काल.’

‘पण मारलं नाही ना? चला, आत चला.’

मास्तर रडले. म्हाताऱ्या माणसाला रडायची सवय नसते, आवाज कुठून काढायचा ते त्याला कळत नाही. बाईनं त्यांचं डोकं पोटाशी धरलं. मग त्यांनी खिशातून गाडीची चावी काढून तिच्या हातात ठेवली आणि काडीही दिली. ‘खूण तू कर. यापुढे तपासायचं तू.’

नव्या पट्ट्यावर बाईनं खूण केली. वाकडी आली.

‘उद्या शेठची माफी मागायला जाऊ,’ ते म्हणाले. ‘सकाळी पहिलं काम ते. आठवण कर मला.’

सकाळी ते चहा घेऊन गॅरेजमध्ये आले, मला खिळ्यावर पाहिलं आणि म्हणाले, ‘बघ ना, शेठनं कसला कुजका माल दिला! चाळीस वर्षांची ओळख, आणि हे असं.’

बाई दारात उभी होती. आठवण करायची होती तिनं. ती म्हणाली, ‘हो ना. शेठनं असं करायला नको होतं.’

मला तेव्हा तुटताना झालं नव्हतं इतकं दुःख झालं.

पुढे दर रविवारी शेठ यायला लागला. गॅरेजमधल्या स्टुलावर बसायचा. मास्तर मला काढून त्याच्यापुढे नाचवायचे आणि झाप झाप झापायचे. तो मान खाली घालून ऐकायचा. ‘चुकलं, मास्तर.’ चहा घ्यायचा आणि जायचा. बाई एकदा म्हणाली, ‘भाऊजी, कशाला दर वेळी ऐकून घेता?’ तर म्हणाला, ‘वहिनी, माझ्यावर चिडतात तोवर मला ओळखतात ना.’

मग एका रविवारी मास्तर चिडले नाहीत. शेठला ‘या, बसा’ म्हणाले. ‘कोणाकडे आलात?’ शेठ त्या दिवशी चहा न घेता गेला.

गाडी लेकीनं येऊन विकली. पाने कुणाला तरी दिले. गॅरेज रिकामं झालं, ओटा राहिला, दोन स्टुलं राहिली आणि मी. मला फेकायला निघालेल्या लेकीचा हात बाईनं धरला.

आता रोज संध्याकाळी बाई मास्तरांना इथं आणून बसवते. मला काढून त्यांच्या हातात देते, एक टोक त्यांच्याकडे, एक तिच्याकडे. ते बोलत नाहीत फारसं. पण मी हातात आलो की अंगठा खाचांवरून फिरायला लागतो, आणि बोटं हवेत वाट काढायला लागतात.

‘आजोबा,’ बाई म्हणते.

‘जावईबापू,’ ते म्हणतात. कधी म्हणतात, कधी नाही.

कालची गोष्ट. काल सगळी नाती त्यांनी स्वतः म्हटली. आत्या, मामा, आईकडे पाठ. बाईनं माझं आपल्याकडचं टोक घट्ट धरलं होतं. शेवटच्या चाकाशी बोटं थांबली.

‘इथं कुणीतरी होतं,’ मास्तर म्हणाले. ‘सगळं धरून ठेवायचं ते. कोण गं?’

‘सरकार.’

‘सरकार.’ त्यांनी तिच्याकडे पाहिलं, नीट, आणि मी खिळ्याची शपथ घेऊन सांगतो, त्यांना ती कोण ते कळलं नव्हतं. पण त्यांनी तिचा हात आपल्याकडे ओढला, तळवा उलटा केला, आणि मनगटाच्या वर, जिथं कातडी सुरकुतलीय तिथं, रंग नसलेल्या बोटानं बरोबरची खूण केली.

‘तपासलं,’ ते म्हणाले.

माझं मागणं फार नाही. उद्या कधीतरी हे घर विकलं जाईल, कुणीतरी भिंती रंगवायला येईल, खिळ्यावर एक तुटका पट्टा दिसेल. फेकायला माझी ना नाही, माझं काम झालंय. पण ती दोघं इथं येऊन बसतायत तोवर मला खिळ्यावर राहू द्या. आणि तुमच्याही घरात कुणी आपली चूक तुमच्या माथी मारत असेल, आणि ती चूक ओळखायचं त्याच्या हातात उरलं नसेल, तर शेठसारखं म्हणा, चुकलं माझं.

संध्याकाळ झाली. दार वाजलं. येतायत दोघं.